व्हॅनिटी फेअरची खेळाडू अर्कचित्रं: अस्सल पान ओळखणं, घेणं आणि जपणं

साधारण पंधरा इंच उंचीचं एक पान. त्यावर दाढीवाला, आडव्या बांध्याचा गृहस्थ, डोक्यावर लाल-पिवळी टोपी, हातात बॅट. वरच्या बाजूला ९ जून १८७७ ही तारीख आणि तळाशी एकच शब्द: ‘क्रिकेट’. नाव कुठेच नाही. ज्यांच्यासाठी हे पान छापलं, त्यांना हा डब्ल्यू. जी. ग्रेस आहे हे सांगायची गरज नव्हती. आज मात्र ग्रेस सोडला तर बहुतेक चेहरे अनोळखी आहेत. त्यामुळे नवशिक्या हौशी संग्राहक चेहऱ्यात अडकतो आणि पान बघायचं विसरतो. हा लेख पान कसं बघावं याबद्दल आहे.

लंडनचं ‘व्हॅनिटी फेअर’ हे साप्ताहिक थॉमस गिब्सन बोल्स याने नोव्हेंबर १८६८ मध्ये काढलं. ३० जानेवारी १८६९ च्या अंकात ब्रिटिश राजकारणी डिझरायलीचं रंगीत अर्कचित्र आलं आणि तेव्हापासून १९१४ पर्यंत जवळजवळ दर आठवड्याला एक, अशी दोन हजारांवर चित्रं निघाली. राजकारणी, न्यायाधीश, पाद्री, राजे आणि आपल्या कामाचे, म्हणजे घोड्यांचे मालक, जॉकी, शिकारी कुत्र्यांच्या टोळ्यांचे मुख्य, वल्हेकरी, क्रिकेटपटू, गोल्फर. त्याच नावाचं अमेरिकन मासिक वेगळं; शोध घेताना दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून नावापुढे ‘लंडन’ आणि साल टाकूनच शोधा.

अर्कचित्र हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. व्यंगचित्रात प्रसंग असतो, बोलणं असतं, टोला असतो. इथे एकच माणूस, रिकामी पार्श्वभूमी आणि त्या माणसाच्या उभं राहण्याच्या ढबीचा काढलेला अर्क.

पायरी पहिली: पानावर छापलेलं सगळं वाचा

चित्राकडे बघण्याआधी कडांकडे बघा. अस्सल आणि न कापलेल्या पानावर चार गोष्टी सापडायला हव्यात: वर साप्ताहिकाचं नाव आणि तारीख, चित्रातच चित्रकाराची सही, खाली अवतरणचिन्हांत मथळा, आणि तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव. बहुतेक पानांवर हा छापखाना म्हणजे ‘व्हिन्सेंट ब्रुक्स, डे अँड सन’.

तारखेवरून एक सोपी तपासणी करता येते, आणि तिला मोबाइलमधलं कॅलेंडर पुरतं. साप्ताहिकाचा वार त्या त्या काळात ठरलेला असे. ग्रेसची ९ जून १८७७, ‘डीमन बोलर’ स्पॉफर्थची १३ जुलै १८७८, जॉकी फ्रेड आर्चरची २८ मे १८८१, लॉर्ड हॉकची २४ सप्टेंबर १८९२ या सगळ्या तारखा शनिवारी पडतात. सी. बी. फ्रायची १९ एप्रिल १८९४, रणजितसिंहजींची २६ ऑगस्ट १८९७, जेसपची २५ जुलै १९०१ या गुरुवारी. जॅक हॉब्जची ७ ऑगस्ट १९१२ बुधवारी. विकणाऱ्याने सांगितलेली तारीख १८७९ ची आहे आणि वार मंगळवार येतो, तर कुठेतरी घोळ आहे. बहुधा कुणीतरी समासात पेन्सिलीने चुकीची तारीख लिहून ठेवली आहे आणि छापील तारखेची वरची पट्टी कापली गेली आहे.

मथळा म्हणजे नाव नव्हे, हे पहिल्याच दिवशी पक्कं करा. लॉर्ड हॅरिसच्या चित्राखाली ‘केंट’ असं आहे. कॅप्टन मॅथ्यू वेबने इंग्लिश खाडी पोहून पार केली, त्याच्या चित्राखाली तेवढंच वाक्य आहे. केंब्रिजचा वल्हेकरी मटलबरी याच्याखाली ‘मटल’, वाकून उभा राहणाऱ्या फलंदाज जेसपखाली ‘द क्राउचर’. बोसांक्वे, ज्याने गुगली रुजवली, त्याच्याखाली ‘अ‍ॅन आर्टफुल बोलर’. कधी टोपणनाव, कधी कौंटी, कधी नुसता खेळ. नाव शोधायचं तर तारीख आणि मथळा या जोडीने शोधा. विकिपीडियावर या अर्कचित्रांच्या वर्षवार याद्या आहेत आणि लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संकेतस्थळावर बऱ्याच पानांची छायाचित्रं आहेत. समासातल्या पेन्सिलीच्या नावावर विश्वास ठेवू नका. ते एखाद्या जुन्या विक्रेत्याने अंदाजाने लिहिलेलं असू शकतं. खोडूही नका.

प्रत्येक चित्रासोबत एक वेगळं छापील पान असे. त्यावर ‘जेहू ज्युनिअर’ या टोपणनावाने त्या माणसाचा अर्धा पाऊण पानी, तिरकस परिचय येई. सुरुवातीला हे टोपणनाव खुद्द बोल्सचं होतं. हे मजकुराचं पान चित्रासोबत मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. एकदा वेगळं झालेलं जोडपान पुन्हा जुळवणं फार कटकटीचं असतं.

पायरी दुसरी: सही ओळखा

बाजारात या सगळ्याच चित्रांना सरसकट ‘स्पाय प्रिंट’ म्हणतात. ते बरोबर नाही. ‘स्पाय’ म्हणजे लेस्ली वॉर्ड, १८५१ ते १९२२. त्याचं पहिलं चित्र १८७३ चं आणि एकूण चित्रं हजारावर, म्हणून त्याचं नाव सगळ्यांना चिकटलं. टोपणनाव मात्र योगायोगाने मिळालं: बोल्सने शब्दकोश पुढे केला, वॉर्डने तो उघडला आणि बोट ‘स्पाय’ या शब्दावर पडलं.

त्याच्या आधीचा आणि अनेकांच्या मते वरचढ चित्रकार म्हणजे कार्लो पेलेग्रिनी, इटलीतल्या कापुआचा. त्याने सुरुवातीला ‘सँज’ अशी सही केली, फ्रेंचमध्ये माकड. मग त्याचंच इंग्रजी करून ‘एप’ केलं. एपचं चित्र दुरून ओळखू येतं. डोकं मोठं, पोट पुढे, पाय आखूड, आणि एखादीच खोड इतकी ताणलेली की हसू आवरत नाही. स्पायचं चित्र त्यामानाने सभ्य. वर्षं जातील तसं ते अधिकच सभ्य होत गेलं, आणि वॉर्ड स्वतः त्यांना स्वभावदर्शक व्यक्तिचित्रं म्हणू लागला. १८७० च्या दशकातला स्पाय आणि १९०० नंतरचा स्पाय शेजारी ठेवून बघा. जुन्या चित्रात ताण आहे, नव्यात शिंप्याची इस्त्री जास्त दिसते. फक्त चित्राच्या गुणासाठी घ्यायचं असेल तर आमचं मत सरळ आहे: १८८९ आधीचं घ्या. त्या वर्षी पेलेग्रिनी वारला आणि बोल्सने साप्ताहिक विकलं.

बाकीच्या सह्यांपैकी घोडदौडीच्या चित्रांवर ‘लिब’ वारंवार दिसेल. तो लिबोरिओ प्रॉस्पेरी. ‘स्टफ’ म्हणजे सेपिंग्ज राइट. ‘कॉइदे’ म्हणजे प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार जेम्स तिसो; त्याची चित्रं खेळाडूंची फारशी नसली तरी संग्राहकांची त्यावर नजर असते.

एक लक्षात ठेवा. ही सही छपाईच्या दगडावर काढून छापलेली असते (हे तंत्र चौथ्या पायरीत येईल), कागदावर पेनाने केलेली नसते. ‘चित्रकाराच्या सहीसह’ असं लिहून कुणी भाव वाढवत असेल तर तो प्रत्येक प्रतीत असलेली गोष्ट तुम्हाला वेगळी विकतो आहे.

पायरी तिसरी: काय जमवायचं ते आधी ठरवा

दोन हजारांतून वाटेल ते उचलत गेलात तर वर्षभरात भिंतीवर अनोळखी खासदारांची सभा भरेल. एक धागा धरा. क्रिकेट, घोडदौड, शिकार, वल्हवणं आणि गोल्फ हे ठरलेले धागे. गोल्फची पानं मोजकीच आहेत आणि मागणी जगभर, म्हणून ती महाग. ग्रेस कायम महाग. शिकारी कुत्र्यांच्या टोळ्या बाळगणारे उमराव आज कुणाला माहीत नाहीत, म्हणून ती पानं स्वस्त, आणि नेमके तेच या साप्ताहिकाचे खरे मानकरी: लाल कोट, पांढरी विजार, हातात चाबूक, आणि जमीन आपल्या बापाची असल्यासारखं उभं राहणं. बहुतेकांच्या बाबतीत ती होतीही.

मराठी संग्राहकाला क्रिकेटमधला एक छोटा धागा सुचवण्यासारखा आहे, आणि तो तीन पानांत पुरा होतो. पहिलं, लॉर्ड हॅरिस, ‘केंट’, १६ जुलै १८८१, स्पाय. हा हॅरिस १८९० ते १८९५ मुंबईचा गव्हर्नर होता. ज्या हॅरिस शील्डमध्ये १९८८ साली तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, ती त्याच्याच नावाची. दुसरं, लॉर्ड हॉक, ‘यॉर्कशायर क्रिकेट’, २४ सप्टेंबर १८९२. हे पान छापून आलं त्याच हिवाळ्यात हॉक संघ घेऊन हिंदुस्थानात आला आणि मुंबईत पारशी संघाकडून एक सामना हरला. तिसरं, ‘रणजी’, २६ ऑगस्ट १८९७. तिघांत हे सर्वांत महाग पडेल आणि याच्याच नकला तुम्हाला सर्वाधिक दाखवल्या जातील. म्हणून हॅरिसपासून सुरुवात करा. डोळा तयार होऊ द्या, रणजी शेवटी.

व्यावसायिक क्रिकेटपटूंची पानं का कमी आहेत हेही यातून उमजतं. पैसे घेऊन खेळणारा आणि ‘जंटलमन’ यांची मैदानात उतरण्याची दारंसुद्धा वेगळी असत. साप्ताहिक उमरावांचं, त्यामुळे एबल, हर्स्ट, हॉब्ज यांच्यासारखे लोक त्यात बरेच उशिरा, १९०० नंतर आले.

पायरी चौथी: अस्सल की नक्कल

ही पायरी सावकाश करा. या चित्रांच्या नकला विसाव्या शतकात दारूच्या गुत्त्यांपासून वकिलांच्या खोल्यांपर्यंत लावण्यासाठी ढिगाने छापल्या गेल्या. बऱ्याच जणांचा फसवायचा हेतूही नव्हता. पण चाळीस वर्षं चौकटीत पिवळी पडलेली नक्कल आज अस्सल म्हणून समोर येते.

साहित्य: सेंटिमीटरची पट्टी, सोनारांकडे असतं तसं १० पट भिंग, आणि नोटा तपासायची जांभळी बॅटरी. तिन्ही मिळून फारसा खर्च नाही.

पहिलं मोजमाप. एकेरी पान न कापलेलं असेल तर साधारण ३८ बाय २५ सेंटिमीटर. चित्राची जागा साधारण ३० बाय १९. एक-दीड सेंटिमीटर कमी असेल तर कडा कापल्या आहेत, हरकत नाही. पण पान अगदी २९.७ बाय २१ भरलं, तर ते ए-फोर आहे आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात ए-फोर नव्हता. खास हिवाळी अंकांतली दुहेरी चित्रं मोठी असतात आणि त्यांना मधोमध घडी असते. लिबचं ‘न्यूमार्केट १८८५’, म्हणजे घोडदौडीच्या मैदानावर जमलेला सगळा उमराव गोतावळा, हे अशांपैकी. दुहेरी पानाला घडीच नसेल तर कान टवकारा.

दुसरं, मागची बाजू. चित्राचं पान एकाच बाजूला छापलं जाई. मागे मजकूर किंवा दुसरं चित्र असेल तर ते एखाद्या पुस्तकातून फाडलेलं पान आहे. मागे अक्षरांची फिकट, उलटी सावली दिसली तर मात्र चांगली खूण. शेजारच्या मजकुराच्या पानाची शाई वर्षानुवर्षं दाबून उमटलेली असते. एका उभ्या कडेला शिवणीची भोकं किंवा दातेरीपणा दिसला तर पान वार्षिक अल्बममधून काढलेलं आहे. तेही अस्सलच.

तिसरं भिंग, आणि हीच खरी कसोटी. ही चित्रं रंगीत शिळाछाप आहेत. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने रेखाटायचं, दगड ओला करायचा, शाई फिरवायची. शाई फक्त तेलकट भागाला धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकच कागद सगळ्या दगडांवरून नेमक्या जागी बसवून न्यायचा. पुण्याची चित्रशाळा आणि मळवलीचा रविवर्मा प्रेस यांची देवादिकांची चित्रं याच जातीच्या तंत्रातली. घरात आजीच्या देव्हाऱ्यात रविवर्मा छापाची जुनी लक्ष्मी असेल तर आधी तिच्या गालावर भिंग धरा. फुकटात शिकवणी होईल.

गालावर भिंग धरल्यावर काय दिसायला हवं? फिकट बदामी रंगाचा सपाट थर, त्यावर गुलाबी ठिपके. काही मोठे, काही सुईच्या टोकाएवढे, काही एकमेकांत मिसळलेले, कुठे दाट, कुठे विरळ. हाताने टाकलेले. वर करडे किंवा तपकिरी ठिपके, पुन्हा आपल्याच लयीत. एखादा रंग केसभर सरकून कडेबाहेर आला असेल तर उत्तम. तो दगड किंचित हललेला आहे.

ऑफसेट, म्हणजे आधुनिक यंत्रावर छापलेल्या नकलेत ठिपके कवायतीला उभे असतात: निळा, किरमिजी, पिवळा, काळा या चारच रंगांचे, सारख्या अंतरावर, आणि मिळून फुलासारख्या गोल रांगोळ्या करतात. अंगरख्याच्या तपकिरी रंगातही निळा ठिपका सापडतो. असा ठिपका दिसला की भिंग खिशात टाका. संगणकाच्या प्रिंटरने काढलेल्या नकलेत रांगोळी नसते, तर सगळीकडे बारीक फवारा असतो, अगदी कोऱ्या वाटणाऱ्या पार्श्वभूमीवरही. मग मथळ्याची अक्षरं बघा. अस्सल पानावर ती एका शाईत, भरीव आणि कडा स्वच्छ असलेली असतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षराची कडही ठिपक्यांनी बनलेली असते. जुन्या कागदाचा पिवळेपणासुद्धा जर ठिपक्यांचा असेल, तर तो कागद जुना झालेला नाही, जुना दिसेल असा छापलेला आहे.

चौथी, जांभळी बॅटरी. खोलीत अंधार करा. आधुनिक कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात, तो निळसर-पांढरा चकाकतो. व्हिक्टोरियन कागद मंद, पिवळट राहतो. इथे एक मेख आहे: चकाकला तर कागद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा, पण नाही चकाकला म्हणून अस्सल ठरत नाही. १९३० ची नक्कलही चकाकणार नाही. उलट अस्सल पानामागे कुणी नवा कागद चिकटवला असेल तर कड चकाकेल. म्हणून निकाल भिंगाचा, बॅटरी फक्त साक्षीदार.

पायरी पाचवी: पानाची तब्येत

ही साप्ताहिकातली पानं आहेत, हजारोंनी छापलेली. मोजकी पानं सोडली तर ती दुर्मीळ नाहीत. त्यामुळे खराब प्रत घाईने घेण्याला काही अर्थ नाही, तेच चित्र पुन्हा मिळतं.

तपकिरी डाग, म्हणजे चहाचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके: कागदातले लोहाचे कण आणि दमटपणात वाढलेली बुरशी या दोन्हींमुळे येतात. समासात दोन-चार असतील तर चालवून घ्या. चेहऱ्यावर असतील तर नको. चित्राभोवती चौकोनी तपकिरी रेघ दिसली तर जुन्या आम्लयुक्त माउंटच्या, म्हणजे चित्रापुरती खिडकी कापून वर ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या, कापलेल्या कडेने कागद भाजला आहे. ती रेघ जात नाही, पण नव्या माउंटखाली झाकता येते. म्हणून ती चित्रापासून किती लांब आहे ते मोजा.

रंग उडणं याहून वाईट. गुलाबी आणि लाल आधी जातात. शिकाऱ्याचा लाल कोट विटकरी-बदामी झाला असेल आणि चेहरा करडा, तर ते पान कित्येक वर्षं खिडकीसमोर लटकलं आहे. ऑनलाइन बघताना एकाच चित्राच्या चार प्रती शेजारी उघडून लाल रंग ताडून बघा, तेवढ्यात कळतं. याला उपाय नाही.

आणि सगळ्यांत मोठा घात म्हणजे पान पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवलेलं असणं. समोरून ते मस्त सपाट दिसतं, म्हणूनच नवशिके त्याला भुलतात. पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरत राहतं आणि पान सोडवणं हे तज्ज्ञाचं, खर्चाचं काम होतं.

पायरी सहावी: खरेदी

विक्रेत्याला पाच गोष्टी मागा: चौकटीबाहेर काढलेल्या पूर्ण पानाचा फोटो, मागच्या बाजूचा फोटो, चेहऱ्याचा शक्य तितका जवळून फोटो, कागदाची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, आणि पान चिकटवलेलं आहे की सुटं याचं लेखी उत्तर. ‘चौकटीतून काढता येणार नाही’ असं उत्तर आलं तर समजा चिकटवलेलं आहे, आणि भाव तसा करा. ‘व्हिंटेज’ हा शब्द वर्णनात असेल पण साल नसेल, तर साल विचारा.

इंग्लंडहून मागवताना चौकटीसह मागवू नका. काच फुटते, तुकडा चित्रात घुसतो, आणि टपालखर्च पानाच्या किमतीला मागे टाकतो. दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट, आत आम्लमुक्त कागद, बाहेर प्लास्टिक असं बांधून घ्या. नळकांड्यात गुंडाळून आलेलं जुनं पान उलगडताना कडेला तडकतं. पार्सलवर छापील चित्र, शंभर वर्षांहून जुनं, छपाईचं साल अमुक, असं स्पष्ट लिहून पावती बाहेर लावायला सांगा. कस्टममध्ये प्रश्न कमी येतात. ती पावती कायम जपा. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंधन आहे. पान तुम्ही परदेशातून आणलं याचा पुरावा असेल आणि पुढे कधी मुलाकडे अमेरिकेला पाठवायचं झालं, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात आधी विचारताना हाच कागद कामी येतो.

पायरी सातवी: जुनी चौकट उघडणं

चौकट मऊ पंचावर उपडी ठेवा. मागची कागदी पट्टी कटरने कापा, खिळे चिमट्याने आडवे ओढा, वर उचकटू नका. पाठीचा पुठ्ठा काढल्यावर पान लगेच ओढायचं नाही. हाडाच्या किंवा बांबूच्या पातळ पट्टीने चारी बाजूंनी हळूच सरकवून कुठे चिकटलं आहे ते शोधा. काचेला चिकटलं असेल तर थांबा. तसंच काचेसह तज्ज्ञाकडे न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे. जुनी चिकटपट्टी दिसली की नखाने उकलायचा मोह होतो. तिच्यासोबत कागदाचा वरचा थर निघतो, आणि मग तो डाग नव्हे, खड्डा असतो.

साफसफाई म्हणजे मऊ ब्रश, मधून बाहेर. ब्रेड, खोडरबर, ओलं फडकं, ब्लीच यांतलं काहीही चित्राच्या भागावर नको. शाई तेलाची आहे म्हणून पाण्याने विरघळणार नाही, पण कागद लाटांसारखा उठतो आणि डागांची किनार पसरते.

पायरी आठवी: माउंट आणि चौकट

फ्रेमवाल्याकडे पान सोडून येऊ नका. समोर बसून करून घ्या, किंवा माउंटपर्यंतचं काम घरी करून द्या. त्याची नेहमीची पद्धत म्हणजे हार्डबोर्ड, वर फेविकॉल, आणि कडेने सेलोटेप. या तिन्ही गोष्टी पानाच्या मुळावर येतात.

लागणारं साहित्य: पूर्ण सुती, आम्लमुक्त माउंटबोर्ड, एक पाठीला आणि एक खिडकीला, पातळ जपानी कागद, गव्हाच्या स्टार्चची खळ. ३८ बाय २५ च्या पानाला बाहेरचं माप ५० बाय ४० ठेवलं तर समास भरपूर मिळतो. खिडकी अशी कापा की वरची तारीख, खालचा मथळा आणि छापखान्याचं नाव उघडं राहील. बरेच फ्रेमवाले ‘नीट दिसावं’ म्हणून तारीख झाकतात किंवा, त्याहून वाईट, कापून टाकतात. खिडकीत बसत नाही म्हणून पानाला कधीही कात्री लावू देऊ नका.

खळ अशी: एक वाटी गव्हाचा शुद्ध स्टार्च, पाच वाट्या शुद्ध केलेलं पाणी, अर्धा तास भिजत. मंद आचेवर सतत ढवळत वीस-पंचवीस मिनिटं, पारदर्शक आणि दाट होईपर्यंत. थंड झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा घासून काढा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबूस वास आला की फेकून द्या. कुरडयांसाठी काढलेला चीक हाही गव्हाचा स्टार्चच, पण तो आंबवलेला असतो, त्यात कोंड्याचा अंश राहतो आणि शिजवताना मीठ-हिंग पडतं. तो कुरडयांनाच ठेवा. मैद्याची खळही नको: त्यातली प्रथिनं पिवळी पडतात आणि कसर धावत येते.

जपानी कागदाच्या दोन पट्ट्या घ्या, प्रत्येकी साधारण अडीच बाय चार सेंटिमीटर. कात्रीने कापू नका, पाण्याची रेघ ओढून हाताने फाडा, म्हणजे कड मऊ राहते आणि समोरून वळ दिसत नाही. पानाच्या मागे, फक्त वरच्या कडेला, दोन टोकांपासून तीन-चार सेंटिमीटर आत, पट्टीचा जेमतेम पाऊण सेंटिमीटर भाग पानाला चिकटवा. उरलेला भाग पाठीच्या बोर्डाला, वरून दुसरी आडवी पट्टी. वर टिपकागद आणि वजन, एक तास. खालची कड मोकळी राहिली पाहिजे. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो; चारी बाजू बांधल्या तर तो मधे फुगा धरतो.

काच आणि कागद यांत किमान तीन मिलिमीटर हवा हवी. दुहेरी जाडीच्या माउंटने ती मिळते. अतिनील किरण अडवणारी काच किंवा अ‍ॅक्रिलिक परवडत असेल तर घ्याच, पण ती लावून पान खिडकीसमोर टांगू नका. दिसणारा प्रकाशही रंग खातो, फक्त सावकाश.

पायरी नववी: पावसाळा

मुंबई, कोकण, गोवा इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो. कागदाला ५० च्या आसपास बरं वाटतं. बाहेरच्या भिंतीवर, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर चौकट नको. बाकीच्या भिंतींवरही चौकटीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे दोन तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. भिंतीवर न लावलेली पानं सपाट पेटीत, प्रत्येक पानामध्ये आम्लमुक्त कागद, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारं जेल घ्या आणि रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. पेटी जमिनीवर नको, वाळवी खालून येते. डांबराच्या गोळ्या पेटीत टाकू नका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, कोरड्या दिवशी, पेटी उघडून प्रत्येक पान हातात घ्या. बुरशीचा पांढरा केसाळ ठिपका दिसला तर ते पान वेगळं करा, घराबाहेर नेऊन वाळू द्या आणि मग मऊ ब्रश. ओलं असताना झटकलंत तर बी बाकीच्या पानांवर पेरलं जातं.

नोंदवही

पहिलं पान आलं त्याच दिवशी वही सुरू करा. प्रत्येक पानाला तारीख, वार, मथळा, व्यक्तीचं नाव, सही, कागदाचं आणि चित्राचं माप, मजकुराचं पान आहे की नाही, डागांची जागा, कुणाकडून आणि किती रुपयांना. पानाच्या मागे लिहायचं झालंच तर मऊ पेन्सिलीने, खालच्या कोपऱ्यात, नोंदीचा आकडा फक्त. पेन नाही, चिकट लेबल नाही. आणि चौकटीत जाण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो, पट्टी शेजारी ठेवून. पुढे कधी विकायचं झालं की मागच्या बाजूचा फोटो मागणारा पहिला माणूस तुमच्यासारखाच हा लेख वाचून आलेला असेल.